वाळूवर चालणारे टायर

आखातातल्या नोकरीची जाहिरात पहिल्यांदा मी वाचली होती. वाळवंटात तेलाचं काम करणाऱ्या एका कंपनीला टायर फिटर हवे होते. मी कुर्ल्याला जुन्या टायरवर नवं रबर चढवायच्या कारखान्यात होतो आणि माझा मित्र शेजारच्याच मशीनवर. घाटकोपरच्या डोंगरावरच्या एकाच चाळीत आम्ही वाढलो. कामावरही त्याला मीच लावलं होतं. जाहिरात मीच त्याला दाखवली, त्याचा अर्जही मीच भरला, कारण माझं अक्षर बरं होतं.

परीक्षेत मी त्याच्या पुढे होतो. रिमवरून टायर उतरवून परत चढवायला मला त्याच्यापेक्षा कमी वेळ लागला, हे परीक्षा घेणाऱ्यानेही बोलून दाखवलं. मग डॉक्टरी तपासणी झाली. माझ्या छातीच्या फोटोत एक डाग निघाला. लहानपणी मला क्षय झाला होता, तो कधीच बरा झाला होता, पण डाग राहिला होता. मला घरी पाठवलं आणि तो विमानात बसला.

चार वर्षांनी तो आला तेव्हा चाळीतली सगळी पोरंटोरं त्याच्या मागे. टू-इन-वन टेपरेकॉर्डर, अत्तराच्या बाटल्या, झकास घड्याळ. माझी आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरो दिसतंस रे झिला." मला चार वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या बायकोसाठी त्याने एक जांभळी साडी आणली होती. अगदी हलकी, पाण्यासारखी सुळसुळीत. गणपतीत तिने ती नेसली आणि सगळ्या बायका तिचा पदर हातात घेऊन बघायला लागल्या. मी तिला म्हटलं, "घाम येईल त्यात, बदल." ती आत गेली आणि बदलून आली. पुन्हा कधी तिने ती साडी नेसली नाही.

तो सुट्टीवर आलाय, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

त्याच दिवसांत आमच्या शेठकडे अंधेरीचा एक गॅरेजवाला आला. शूटिंगसाठी जीप, ट्रक वगैरे भाड्याने द्यायचा त्याचा धंदा. राजस्थानात एका सिनेमाचं काम होतं आणि त्यात जीप वाळूच्या टेकडीवर सुसाट चढताना दाखवायची होती. मागच्या वेळी त्याची गाडी पहिल्याच टेकडीत रुतून बसली होती. शेठने मला बोलावलं. मी म्हटलं, चारही चाकांना खोल नक्षीचे टायर लावू, चिखलात चालतात तसले. कारखान्यात माझा शब्द चालायचा. शेठने मान डोलावली.

माझा मित्र जुन्या लोकांना भेटायला म्हणून तेव्हा कारखान्यात आला होता. दारात उभा राहून तो ऐकत होता. म्हणाला, "नाही रे, त्याने वाट लागेल."

"का?" मी विचारलं.

"चिखलात ती नक्षी खाली घुसून घट्ट जमीन पकडते. वाळूत कितीही खाली जा, घट्ट काही लागतच नाही. ती फक्त खड्डा खणत बसेल."

"मग काय, गुळगुळीत लावायचे?"

"पुढचे जवळजवळ तसेच." तो आत येऊन खाली बसला आणि फरशीवरच्या धुळीत बोटाने काढून दाखवायला लागला. "पुढच्या चाकांचं काम वळायचं. त्यांना मधोमध नुसती एक उभी कड ठेवायची, नांगराच्या फाळासारखी. ती वाळू कापते, म्हणून स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळते. मागच्यांचं काम ढकलायचं. ते रुंद घ्यायचे आणि त्यांच्यावर आडव्या पट्ट्या चढवायच्या, सुपासारख्या खोलगट. प्रत्येक पट्टी ओंजळभर वाळू मागे फेकते आणि गाडी पुढे जाते."

गॅरेजवाला त्याच्याकडे बघतच राहिला. शेठने आतून खुर्ची मागवली. दहा वर्षं मी त्या कारखान्यात होतो, मला तिथे कधी कुणी खुर्ची दिली नव्हती.

त्याने सांगितलं आणि मी बनवलं. हे सांगायलाच हवं, कारण ते टायर माझ्या हातचे होते. दोन रुंद जुने टायर घासून गुळगुळीत केले, रबराच्या जाड पट्ट्या कापल्या, त्यांना बाक दिला, एकेक चिकटवून टायर भट्टीत शिजवले. पुढच्या दोघांना मधली कड चढवली. आठवडाभर माझ्या हाताला रबराचा वास होता. तो रोज यायचा, पट्टीवरून बोट फिरवायचा, म्हणायचा, "हात आहे तुझा, यार." शेठ मात्र येईल त्याला सांगायचा, "आमच्या दुबईवाल्याची आयडिया आहे." तो दुबईत कधीच नव्हता, पण शेठला आखात म्हणजे दुबईच.

चाचणी मालाडच्या पुढे, मढच्या वाटेवरच्या किनाऱ्यावर करायची ठरली. तिथे सुरूच्या झाडांमागे वाळूच्या मोठ्या टेकड्या होत्या. रविवारी सकाळी जीप रस्त्यावरच्या साध्या चाकांवर आली, वाळूची चाकं टेम्पोतून. मागच्या दोन चाकांवर मित्राने खडूने 'डावं' आणि 'उजवं' लिहून ठेवलं होतं. जीप मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी होती आणि पट्टीची पोकळ बाजू वाळू मागे फेकेल अशीच बसायला हवी होती. चाकं उलटसुलट झाली तर पट्टीची पाठ वाळूवर घसरते, ओंजळ भरतच नाही.

शेठ, गॅरेजवाला आणि माझा मित्र सुरूच्या सावलीत बसले. गॅरेजवाल्याने गाडीतून घडीच्या तीन खुर्च्या काढल्या होत्या. शहाळी फोडली गेली. मी उन्हात गुडघे टेकून नट सोडत होतो. तिकडून हसण्याचा आवाज आला. गॅरेजवाला मोठ्याने म्हणत होता, "तुम्ही आमच्याकडेच या ना!"

मी खडूची अक्षरं ओल्या फडक्याने पुसली. डावं चाक उजवीकडे लावलं, उजवं डावीकडे. मी विसरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. शांतपणे नट आवळले.

ड्रायव्हरने जीप लांबून पळवत आणली. सपाटीवर ती चालली, पण टेकडीला लागल्यावर मागची चाकं भिरभिरायला लागली, गाडी अर्ध्यावर जाऊन आडवी घसरली आणि मागून थेट अॅक्सलपर्यंत वाळूत बसली. गॅरेजवाला उठून उभा राहिला. "हाच का तुमचा एक्सपर्ट?"

माझा मित्र धावत चढावर गेला. मागच्या चाकापाशी बसून त्याने वाळू उकरली, एका पट्टीच्या पोकळीत बोटं घातली. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"शेठ, चूक माझी," तो ओरडला. "डाव्या-उजव्याच्या खुणा मीच उलट्या केल्या. याने मी लिहिलं तसंच बसवलंय."

आम्ही दोघांनी मिळून फळीवर जॅक लावला आणि चाकांची अदलाबदल केली. शेवटी त्याने खिळ्याने व्हॉल्व्ह दाबून चारही चाकांतली थोडी हवा सोडली. टायर वाळूवर पसरून बसेपर्यंत तो कान लावून ऐकत होता. मग जीप खाली घेतली, पुन्हा पळवली, आणि ती टेकडीच्या माथ्यावर अशी गेली की मागे वाळूची दोन कारंजी उडाली. ड्रायव्हर वरूनच शिट्ट्या मारायला लागला.

गॅरेजवाला खूश झाला, पण माझ्यावर. "शूटिंगला मला असाच माणूस हवा, सांगितलं तसं करणारा. खुणा चुकवणारा नको," तो शेठला म्हणाला. महिनाभर जीपबरोबर राजस्थानात आणि जमलं तर पुढे त्याच्याच गॅरेजात कायम.

परतताना आम्ही दोघं बसने आलो. मी विचारलं, "का सांगितलंस तसं?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिकडे तुझ्या जागेवर मी गेलो, हे काय मला कळत नाही?" मग म्हणाला, "मला परत बोलावणार नाहीत रे. कंपनीने माणसं कमी केली. घरी अजून सांगितलेलं नाही. या गॅरेजचं जमतंय असं वाटलं होतं."

मी माफी मागितली नाही.

तीन दिवस मी बायकोशीही नीट बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. "मग इथे काय बसलायस?" एवढंच म्हणाली.

मी अंधेरीला गेलो. गॅरेजवाल्यासमोर उभा राहिलो, खुर्ची होती तरी बसलो नाही. खुणा बरोबर होत्या, चाकं मी मुद्दाम उलटी बसवली, हे सांगितलं. त्याने मला शिव्या घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या. मग त्याने माझ्या मित्राला निरोप पाठवला. आमच्या शेठलाही कळलं. त्याने मला काढलं नाही, पण पुढे कित्येक महिने मी बसवलेली चाकं तो दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा.

मित्र राजस्थानात गेला. तिथून त्याने मला पोस्टकार्ड पाठवलं. जीप रोज वीस वेळा टेकडी चढते, पट्टी अजून एकही सुटलेली नाही, तुझं काम पक्कं आहे, असं लिहिलं होतं. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मी विचार करत बसलो की टायर माझे, आणि वाळू बघतोय तो.

खरं सांगितल्यावर मन मोकळं होतं म्हणतात. माझं झालं नाही. सांगितलं ते त्याचं नुकसान व्हायला नको म्हणून. आतली जळजळ होती तशीच राहिली. उलट त्यात आणखी एक भर पडली. सगळ्यांसमोर चूक आपल्या अंगावर घेताना त्याला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. मला तीन दिवस लागले होते, आणि तेही बायकोने उठवलं म्हणून.

दोन-तीन वर्षांनी त्याने अंधेरीतच स्वतःचं टायरचं दुकान काढलं. सगळ्यांत आधी माझ्याकडे आला. दारातच उभा राहून म्हणाला, "चल ना रे, दोघं मिळून बघू. माझं डोकं, तुझा हात." बायको आतून ऐकत होती. आईने चहा टाकला.

मी म्हटलं, "अंधेरी लांब पडते रे मला."

घाटकोपरहून अंधेरीला थेट बस होती. त्यालाही ते माहीत होतं. तो चहा पिऊन गेला.