खिशातली लॉक पिन

आमच्या घरी आरत्यांच्या पुस्तकांपेक्षा भोंदूगिरीविरुद्धची पत्रकं जास्त. ती वाटत वाटतच मी मोठा झालो. या सदरातले चमत्कारांचे अनुभव वाचून मी आजवर हसलोय, भांडलोय. तरी आज लिहितोय... कारण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुवेतमध्ये अम्गऱ्याला, भंगाराच्या यार्डांना लागून आमचं मोटरसायकल दुरुस्तीचं वर्कशॉप. तिथे एक स्वस्तातलं लिफ्ट टेबल होतं. गाडी चढवायची आणि पायाने पेडल हाणत राहायचं — चाळीसेक वेळा, तेव्हा कुठे ती कमरेएवढी वर यायची. हाणायचे सावंतकाका. कुडाळकडचे, पन्नाशी उलटलेली, उजवा गुडघा कायम सुजलेला. माणसाचा गुडघा काय मशीनचा पार्ट आहे? मला बघवेना.

मग ठरवलं, टेबल हवेवर चालवायचं! यार्डातून ट्रकचा एअर-हायड्रॉलिक जॅक आणला. कॉम्प्रेसरची हवा तेलाला ढकलते, तेल टेबल उचलतं. ब्रॅकेट वेल्ड केला, होज जोडला, पायाखाली व्हॉल्व्ह बसवला.

"वारो भरून गाडी उचलतलंस?" काका म्हणाले. "मगे माझो गुडघो काय पेन्शनीत जातलो?"

त्यांना आधी नारळ फोडायचा होता. मी भाषणच दिलं — नारळाने जॅकमधलं तेल अडवणारं सील टिकत नाही, टेबल वरच अडकवून ठेवणारी लॉक पिन घातल्याने माणूस वाचतो. भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी होती: पिन घातल्याशिवाय टेबलाखाली हात घालू नये. बिचाऱ्यांनी नारळ गुपचूप लॉकरमध्ये ठेवला.

दुपारी साडेतीनला व्हॉल्व्ह दाबला. फुस्स... आणि दोनशे किलोची गाडी दहा सेकंदांत वर! मी अक्षरशः नाचलो. होजच्या जोडातून जराशी हवा सुटत होती. मीच काकांना म्हटलं, घट्ट करा. गुडघा सांभाळत ते वाकले आणि टेबलाखाली खांद्यापर्यंत हात घातला.

तेवढ्यात जॅकचं सील गेलं. तेलाची चिळकांडी माझ्या बुटांवर. बघता बघता सगळं तेल जमिनीवर... आणि टेबल जागच्या जागी! गाडीसकट!

"बाही अडकली रे," काका म्हणाले. अगदी हळू.

मी ब्लेडने बाही कापली. मिनिटभर तरी गेलं असेल. हात बाहेर आला — आणि धाडकन टेबल खाली.

"पिन निसटली असतली," काका तेलात बसूनच म्हणाले. "पण माझो हात भायर येयपर्यंत थांबली. तुझी पाटी खरी रे."

मी मान डोलावली. पिन माझ्या खिशात होती. मांडीला टोचत होती. नाचण्याच्या नादात मी ती घातलीच नव्हती.

नंतर नवं सील बसवून, लांब उभं राहून, नऊ वेळा तेल सोडून पाहिलं. नऊही वेळा टेबल क्षणात खाली. कुठे अडकत नाही, कुठे घासत नाही. आणि तेल नसेल तर त्या जॅकमधली नुसती हवा काहीच पेलत नाही.

काका पुढे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला माझ्या पिनेची गोष्ट सांगायचे. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. पाटी लिहिणारा मी!

नारळ मी आजही फोडत नाही. टेबल त्या मिनिटभर कशावर उभं होतं, तेही आजवर कळलेलं नाही. पण हे वाचत असाल तर, काका — ती पिन नव्हती.