पान्सोकच्या मयताचा रस्सा

पान्सोकला पोटाचा कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, हे सोल्गोलच्या साऱ्या गावाला ठाऊक होतं. घरी धाडताना डॉक्टर म्हणाले, 'मागतील ते खाऊ घाला.' त्याच्या बायकोने, कुम्नानने, हे फारच मनावर घेतलं. तिने बरगड्या दिवसभर उकळून सूप केलं, सोया सॉसमध्ये मटण अगदी लोण्यासारखं शिजवलं, नासपतीच्या रसात मुरवलेले पातळ काप भाजले. म्हाताऱ्याने प्रत्येकाचा एकेक घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. पंचावन्न वर्षांच्या संसारात या माणसाने पानात कधी शीत टाकलं नव्हतं. तिला राग यायचा, आणि मग भीती वाटायची.

"हवंय तरी काय तुम्हाला?" एका सकाळी ती खेकसलीच.

"युक्केजांग."

कुम्नानच्या अंगावर सर्रकन काटा आला. छातीच्या मटणाचा, अळूच्या सुकवलेल्या देठांचा तो लालभडक रस्सा इतर गावांत उन्हाळ्यात कोणीही करून खातं म्हणे. खाऊ देत. सोल्गोलात तो फक्त मयताच्या घरी शिजायचा. गावातल्या प्रत्येक मयताला अंगणात भलीमोठी कढई मांडून तो कुम्नाननेच केला होता, चाळीस वर्षं. आणि तिरडीच्या पुढे चालून गाणं म्हणणारा पान्सोक डोंगरावर मयत पुरून परतला की तीन-तीन वाट्या रिचवायचा. पुढे लोक शहरात, हॉस्पिटलच्या हॉलमध्येच मयतं उरकायला लागले. शेवटची कढई चढली त्याला अकरा वर्षं झाली.

"जीभ झडो तुमची! घरात आजारी माणूस असताना तो रस्सा?"

"मी गेल्यावर सगळं गाव खाणार आणि मी तेवढा उपाशी? हा कुठला न्याय?"

"कोणी खाणार नाही. तुमचा लेक शहरातला हॉल ठरवून बसलाय. तिथे ते लोक डब्यातलं लाल पाणी वाढतात."

"अगं, म्हणून तर आत्ताच मागतोय मी," पान्सोक म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

चार दिवस तो पाण्यावर राहिला. पाचव्या दिवशी कुम्नान हरली. पण पुरती नाही. तिने छोटं पातेलं घेतलं. पातेल्यात केला तर तो मयताचा कसा होईल, अशी तिने आपल्याच मनाची समजूत घातली. मटण उकळलं, धाग्याधाग्याने हाताने सोडवलं, आणि तिखट घालताना तिचा हात अडला. जन्मभर तिने मापं घेतली ती तगारीने. एका माणसासाठी तिखट किती, लसूण किती, देठं किती, हे तिला ठाऊकच नव्हतं!

पान्सोकने चमचा तोंडाला लावला. "हा तो नव्हे."

"शंभर माणसांचा हवा होता होय तुम्हाला?" ती कडाडली. पण मागे मोरीत जाऊन तिने स्वतः चाखला, आणि म्हातारा खरं बोलत होता. तिला आपलीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारच्या खाटकाकडे गेली. "छातीचं दहा किलो."

"अरेरे, कोण गेलं, मावशी?"

"अजून कोणी नाही," ती म्हणाली आणि पिशवी ओढत बसमध्ये चढली.

तिसऱ्या दिवशी पहाटेच कढई अंगणात चढली. चरबीत तिखट परतलं तसा वास ओढ्यापलीकडे गेला, धूर चिंचोळ्या दरीत दाटला. आठ वाजता सरपंचाच्या भोंग्याने घसा खाकरला. "सोल्गोलच्या ग्रामस्थांना कळवण्यास अत्यंत दुःख होतं, की आपल्या गावाचे तिरडीवाले पान्सोकआजोबा…"

"घ्या! मेलो, आणि मलाच कोणी कळवलं नाही," पान्सोक अंथरुणातून म्हणाला.

कुम्नानला हसू आलं नाही. ज्याला ती इतके दिवस भीत होती ते भोंग्यावरून साऱ्या दरीला ऐकू गेलं होतं.

अर्ध्या तासात माणसं आली. नऊ जण. सोल्गोलात तेवढीच उरली होती, आणि त्यांत सत्तरीच्या आतलं एकही नव्हतं. सगळी काळ्या कपड्यांत. ओढ्यापलीकडची हाक्सुन फाटकातूनच गळा काढत आली आणि पडवीत गोधडी लपेटून बसलेल्या पान्सोकला बघून जागीच थिजली.

"ये, हाक्सुन. रड, रड. नंतर मला ऐकू येणार नाही."

"मेल्या! अशी थट्टा करतात होय रे?" म्हणत ती त्याच्या पायाशी बसली आणि खरोखरच रडली.

कुम्नानने सगळ्यांना वाढलं. पान्सोकने एक चमचा घेतला, दुसरा घेतला. तिसरा घेऊन डोळे मिटले. अंगणात कोणी खात नव्हतं, सगळे त्याच्याकडे बघत होते.

"हाच तो," तो म्हणाला. मग त्याने चमचा खाली ठेवला. "कुम्नान, तुझ्या वेळी कोण करणार गं हा?"

कुम्नानने एकेकीचे हात पाहिले. थरथरणारे, वाकडे झालेले, काठीवर रेललेले. तिच्या लेकाला साधा भातही लावता येत नव्हता.

"माझं काय मेलीचं. हॉलवाले करतील की," ती म्हणाली.

"मग बस इथे. तुझं आजच खाऊन घे."

"मला पळी धरायचीय हो. लोकांना परत वाढायचंय."

"लोक घेतील हाताने. तू बस म्हणतो ना!"

चाळीस वर्षांत तिने हा रस्सा पळीच्या टोकावरून, मीठ बघायला तेवढा, उभ्यानेच चाखला होता. हाक्सुनने तिच्या हातातली पळी काढून घेतली, वाटी भरली आणि तिच्यापुढे ठेवली. कुम्नान नवऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली. पहिल्या घासालाच तिला रडू फुटलं, पण तिने खाणं थांबवलं नाही.

"तिखट झालाय का?" पान्सोकने विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "बरोबर झालाय."