खामपेंगच्या गुहेची लांबी

बावीस वर्षांत खामपेंगने पाहुण्यांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण 'माहीत नाही' एवढं मात्र एकदाही सांगितलं नव्हतं.

लाओसमधलं, नाम ऊ नदीकाठचं बान नाखाम हे त्याचं गाव. गावामागे डोंगर, डोंगरात गुहा, आणि ती गुहा दाखवणं हा खामपेंगचा धंदा. उपयोगाचं ज्ञान त्याच्याकडे मुबलक होतं. देवळात उघड्या खांद्यांनी जाऊ नका. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, अगदी लहान पोराच्याही. पहाटे भिक्खू भिक्षेला निघाले की लांब उभे राहा, त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा नाचवू नका. उरलेले किप, म्हणजे इथले पैसे, सीमेच्या आतच संपवा, पलीकडे त्यांना कुणी विचारत नाही. आणि आठची गाडी म्हणजे भरेल तेव्हाची गाडी, म्हणून सोबत केळी ठेवा. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. घोटाळा व्हायचा तो आकड्यांपाशी. म्हाताऱ्या पाहुण्यांना धीर यावा म्हणून त्यांच्यासाठी गुहा दोनशे मीटर असे. तरुणांसाठी पाचशे. एका नव्या जोडप्याला तर त्याने ती थेट व्हिएतनामात निघते असं सांगितलं होतं.

मग एक वहीवाला पाहुणा नऊ वर्षांनी परत आला.

"मागच्या वेळी म्हातारे वडील सोबत होते, तेव्हा तुम्ही दोनशे म्हणाला होतात. आता चारशे कशी?"

"पावसाने वाढली," खामपेंग म्हणाला.

पाहुण्याने तेही वहीत टिपून घेतलं आणि शहरातल्या कचेरीत पत्र टाकलं. पंधरा दिवसांत खामपेंगला बोलावणं आलं. परीक्षा द्या, नाहीतर वाटाड्याचं ओळखपत्र परत करा.

गावात सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्याच्या सासूला, असं निदान खामपेंगला वाटलं. सासूचं नाव बुआफान. होड्या लागतात तिथे तिचं शेवयांच्या रश्श्याचं दुकान होतं. जावयाचा दिवस तिच्या टोमण्यांनी उजाडायचा.

"नापास झालास ना, की हे स्टूल तुझं," ती पळीने कोपऱ्यातलं स्टूल दाखवायची. "बसून माशा हाक. त्यांना काही थापा मारता येणार नाहीत."

"आई, मी थापा मारत नाही. पाहुण्यांचं मन राखतो."

"मन राखतोस? गेल्या वर्षी त्या बाईला सांगितलंस, मी एकशेचार वर्षांची आहे म्हणून! ती माझ्याबरोबर फोटो काढून रडत रडत होडीत बसली. अरे, सत्तरीसुद्धा गाठली नाही मी!"

खामपेंगने त्या स्टुलाची धास्तीच घेतली. बोलण्यावर जगलेला माणूस तो, त्याला गप्प बसवून माशा हाकायला लावणं म्हणजे जिवंतपणी मूठमाती देणंच होतं. तो जिद्दीने अभ्यासाला लागला. बायको रश्श्याला फोडणी देता देता त्याचे प्रांत आणि नद्या पाठ करून घ्यायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरच्यांनी दोरे बांधायचं ठरवलं. माणसाच्या अंगात बत्तीस जीव असतात आणि काळजी लागली की ते भटकायला निघतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. खामपेंगचे निम्मे तर गुहेतच हिंडत असतील, असं सासूचं मत पडलं. जाणत्या म्हाताऱ्याने मंत्र म्हणून सगळ्या भटक्या जीवांना घरी बोलावलं आणि मग गाव मनगटावर तुटून पडलं. एकेक पांढरा दोरा, एकेक आशीर्वाद. वडीलधाऱ्यांनी दोऱ्यात नोटांच्या सुरळ्याही अडकवल्या. हात कोपरापर्यंत पांढरे झाले. हे दोरे तीन दिवस काढायचे नसतात.

परीक्षा घ्यायला वियेंगकेओ नावाच्या मॅडम होत्या. त्यांच्या सदऱ्याला इस्त्री होती आणि आवाजालाही. खामपेंगने पेपर बरा लिहिला. तो द्यायला हात पुढे केला आणि मॅडमची नजर मनगटावर खिळली. नोटांच्या सुरळ्यांमध्ये एक सुरळी वहीच्या कागदाची होती.

"हे काय?"

"दोरे, मॅडम. कालच बांधले."

"दोरे मलाही कळतात. त्यात काय आहे?"

"नशीब असेल."

"नशीब निळ्या शाईत लिहिलेलं असतं का?"

खामपेंगला खरंच काही ठाऊक नव्हतं, पण हे आता कोण मानणार? त्याला डोळ्यांसमोर ते स्टूल दिसू लागलं.

मॅडमनी कात्री मागवली. कात्री आली. त्यांनी ती दोऱ्यापर्यंत नेली आणि तिथेच थांबल्या.

"कालच बांधले म्हणालात?"

"काल दुपारी."

मॅडमनी कात्री शिपायापुढे धरली. शिपायाने दोन्ही हात पाठीमागे नेले. "मॅडम, पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचं लग्न आहे." बाकीचे परीक्षार्थी एकाएकी आपापल्या पेपरात बुडून गेले. शेवटी मॅडमनी स्वतःच्या अंबाड्यातली पिन काढली आणि गाठीला धक्का न लावता सुरळी हळूहळू बाहेर ओढली. मग त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"प्रांत सोळा. सगळ्यात उंच डोंगर आमच्या घरामागचा. राजधानी व्हिएन्तियान, तिथे माझी बहीण राहते. मेकाँगची लांबी खूप."

सगळे खो खो हसले. खामपेंगची कानशिलं तापली. सासूचं हे अक्षर दुकानातल्या पाटीवर तो रोज बघत होता.

मॅडमनी चिठ्ठी त्याच्या पेपरशेजारी ठेवली. पेपरात प्रांत सतरा होते आणि राजधानीचा भाग त्यांत न धरता वेगळा मोजला होता. उंच डोंगर फू बिया होता. बहिणीचा उल्लेख नव्हता.

"यातून उतरवलं असतंत तर सपशेल नापास झाला असतात," मॅडम म्हणाल्या. आवाजाची इस्त्री जरा मोडली होती. "शेवटच्या ओळी तुम्हीच वाचा."

खामपेंगने मनातल्या मनात वाचल्या. 'नाही आठवलं तर माहीत नाही म्हण, कुणी खात नाही. नापास झालास तरी सरळ घरी ये. माशा मी हाकीन, तू नुसता बोलत बस. तू डोंगरावर गेलास की दुकानात करमत नाही.'

बावीस वर्षं ही बाई आपल्याला पाण्यात पाहते असं तो धरून चालला होता. भर परीक्षेत त्याला रडू फुटलं. दोरे बांधलेल्या हातांनी डोळे पुसताना त्याची फारच तारांबळ उडाली.

"आता तोंडी," मॅडम म्हणाल्या. समोर वहीवाल्याचं पत्र होतं. "तुमच्या गावची गुहा किती लांब आहे?"

खामपेंगच्या जिभेवर तीन आकडे आले. तिन्ही एकाहून एक सुरेख होते. त्याने ते गिळले.

"माहीत नाही, मॅडम. कुणी मोजलीच नाही. दोनशे पावलांवर पाणी लागतं. पुढे जायची मला भीती वाटते."

मॅडमनी शिक्का मारला.

चौथ्या दिवशी थायलंडचं एक जोडपं होडीतून उतरलं. खामपेंग छातीवर नवं ओळखपत्र लावून दुकानासमोर उभाच होता. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, गुहा किती लांब आहे हो?

खामपेंगने घसा साफ केला. "बाई, खरं सांगायचं तर मला माही..."

"तीनशे पंचवीस मीटर!" रश्श्याच्या वाफेमागून सासू कडाडली. "मी स्वतः मोजलीय. एकशेचार वर्षांची आहे मी!"