साडेनऊ बोटांचे हवालदार

हवालदारांच्या दोन हातांना मिळून साडेनऊ बोटं होती. डाव्या हाताचं मधलं बोट पेरापाशीच संपत होतं. त्याच हाताने ते रोज सकाळी आमच्या गाडीची चारही चाकं चाचपत. वरून, बाहेरून, आणि जिथे नजर पोचत नाही तिथे आत बोटं घालून. मग पायजम्याला हात पुसत म्हणत, "परेड झाली. आता बसा."

इरा आणि निहार, तुम्ही दोघं त्यांना एकदाच भेटलात. निहारने तेव्हा त्यांना विचारलं होतं, "आजोबा, तुमचं अर्धं बोट कुठे गेलं?" हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सरकारजमा झालं." निहारने ते खरं मानलं आणि पुढचे दोन दिवस स्वतःची बोटं खिशात ठेवली. गेल्या उन्हाळ्यात हवालदार गेले. म्हणून आता खरं काय ते लिहून ठेवते.

त्यांचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील सकाळी कळप बाहेर काढण्याआधी एकेका मेंढराच्या पायांवरून हात फिरवायचे. "मेंढरू लंगडतंय हे रानात गेल्यावर कळून काय उपेग, मॅडम? दावणीलाच कळाय पायजे," असं हवालदार सांगत. लष्करात त्यांना ट्रक मिळाला, तेव्हा तिथेही सकाळची हीच तपासणी होती, फक्त तिला इंग्रजी नाव होतं. "मला वाटलं, सैन्यानं आमच्या बापाचंच उचललंय."

तुमचे आजोबा गेल्यावर गाडी पाच महिने विश्रामबागेतल्या आपल्या दारात आच्छादनाखाली उभी होती. माझ्याकडे लायसन होतं, पण हात बसलेला नव्हता. आजोबा असताना कधी गरजच पडली नाही. म्हणून मी ड्रायव्हर शोधला, तेच हे हवालदार. पहिल्या दिवशी मी पर्स घेऊन बाहेर आले आणि मागचं दार उघडलं. हवालदार पुढेच उभे.

"मॅडम, आधी बॉनेट उघडा."

"मी?"

"गाडी कुणाची हाय?"

मी पर्स खाली ठेवली. ऑइलची दांडी काढायची, पुसायची, पुन्हा घालून काढायची, मगच खूण बघायची, हे त्या दिवशी शिकले. कूलंटची पातळी इंजिन गार असतानाच पाहायची, हेही. त्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आमची मंडळी आणि रेडिएटर, तापलं की झाकणाला हात लावायचा न्हाई." ही मंडळी, म्हणजे त्यांची बायको, मला पुढे भेटली. अत्यंत शांत बाई निघाली.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी आठ दिवसांत या सगळ्याची सुबक यादी केली, तिला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि गाडीत लावली. हवालदारांनी ती पूर्ण वाचून घेतली. "अक्षर लय झ्याक हाय," ते म्हणाले. "पर ऑइल कागदावर दिसत न्हाई. वाका." पुढे त्या यादीत त्यांच्या सांगण्यावरून दोन ओळी वाढल्या. एक, सकाळी आधी गाडीखालची जमीन बघायची, कारण गळती असली तर तिथे ओल दिसते. दुसरी, स्टेपनीची हवा. चार चाकांची हवा सगळेच बघतात, पाचव्याला कुणी विचारत नाही. "आणि अडचणीला तेच येतं," असं म्हणून ते डिकीतल्या त्या जादा चाकावर दोन थापा मारत.

तीन महिन्यांनी त्यांनी मला किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसले. मागच्या सीटवर ते कधीच बसले नाहीत. आमच्याच नव्हे, कोणाच्याही गाडीत. एसटीतसुद्धा ड्रायव्हरच्या पाठीमागची पहिली जागा धरत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पुढचा काय करतोय ते दिसलं न्हाई तर मला डोळा मिटता येत न्हाई." प्रत्यक्षात पुढे बसूनही त्यांनी कधी डोळा मिटला नाही. मी चालवायला लागले की त्यांचा उजवा पाय, तिथे नसलेला ब्रेक दाबत असे. डाव्या बाजूच्या पायपुसण्याला त्या ठिकाणी अजून भोक आहे. मी ते बदललेलं नाही.

आता बोटाची हकीकत. नोकरीच्या पहिल्या वर्षी हवालदारांनी एका ट्रकचं चाक बदलायला घेतलं. जमीन भुसभुशीत होती. जॅकखाली काही ठेवलं नव्हतं. जॅक कलला, ट्रक खाली आला. "बोटावर निभावलं. मान आत असती तर पेन्शन घ्यायला कोण आलं असतं?" त्यामुळे चाक बदलण्याच्या बाबतीत हा हसरा माणूस एकदम कडक होई. गाडी रस्त्यापासून बाजूला, सपाट जागी घ्यायची. दिवे लुकलुकते ठेवायचे आणि धोक्याचा लाल त्रिकोण बराच मागे नेऊन उभा करायचा. हँडब्रेक ओढायचा, गिअर घालायचा, तिरपं समोर येणाऱ्या चाकाला दगड लावायचा. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकखाली फळी. आणि चाक काढण्याआधी स्टेपनी गाडीखाली सरकवून ठेवायची. "गाडी पडलीच तर चाकावर पडू दे. माणसावर नको."

त्या फळीसाठी त्यांनी गावाहून बाभळीचा एक जाड तुकडा आणला. सोबत लोखंडी पाइपही आणला, पान्याच्या दांड्याला जोडायला. आपल्या अंगणात त्यांनी माझ्याकडून चाक बदलून घेतलं. एकदा नाही, अकरा वेळा. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, या वयात बाईंना कशाला राबवताय?" हवालदार वर न बघता म्हणाले, "पंक्चर काय वय विचारून व्हतं व्हय?"

असा हा माणूस माझ्यादेखत एकदाच चुकला, आणि तोही देवापायी. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. हवालदारांनी जॅक, पाना आणि पाइप घासूनपुसून त्या बाभळीच्या फळीवर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. दसऱ्याला घट उठेपर्यंत पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नाही. त्याच दुपारी आम्ही दसऱ्यासाठी माझ्या बहिणीकडे साताऱ्याला निघालो. परेड झाली, पाची चाकं ठीक. हत्यारं मात्र घरी दिवाणखान्यात, देवाच्या हवाली. आष्ट्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मागचं चाक बसलं.

हवालदारांनी डिकी उघडली आणि तशीच बंद केली.

एक जीप थांबली. "जॅक? पूजेत हाय की." एक ट्रॅक्टर थांबला. त्याचाही पूजेत. तिसरा एक ओळखीचा निघाला. तो म्हणाला, "हवालदार, आज खंडेनवमी. आज कुणाला जॅक मागता?" आणि हसत निघून गेला. शेवटी भाजीचा टेम्पो आला. त्या माणसाने आसनाखालून जॅक काढला. त्यालाही हळदकुंकू होतंच.

"तुमी पूजेतलं उचललं?" हवालदारांनी विचारलं.

"आमची पूजा टेम्पोतच मांडत्यात, काका. देवाला बी ठावं हाय, टेम्पो कवा बी बसतो."

त्याच्या जॅकवर चाक बदलून आम्ही सातारा गाठला. पुढच्या वर्षापासून आमच्या हत्यारांची पूजा डिकीत होऊ लागली.

मग त्यांचे डोळे अधू झाले. काचबिंदू. कुणी सांगण्याआधी त्यांनी स्वतःच किल्ली माझ्या हातात ठेवली. "मला कडंचा खांब दिसंना झालाय. आता मी गाडी चालवणार न्हाई." दुसऱ्या दिवशी ते गावी गेले.

तुमच्या बाबाला हे कळलं तेव्हा त्याने मेलबर्नहून फोन केला. "आई, दिवाळीत येतो तेव्हा गाडी विकून टाकू. एकटी रस्त्यात अडकलीस तर काय करशील?" त्याची काळजी खोटी नव्हती. पण गाडी गेली की वाचनालय, बँक, बहिणीचं घर, सगळ्यासाठी मला कुणाची तरी वाट बघत बसावं लागणार होतं. मी म्हटलं, "दसऱ्याला मी एकटी हवालदारांच्या गावी जाते. सोनं देते आणि परत येते. वाटेत एकदा जरी मदतीला कुणाला बोलवावं लागलं, तरी गाडी वीक. नाही लागलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." तो कबूल झाला. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होते.

दसऱ्याच्या सकाळी घट उठले. मी परेड केली, आपट्याची पानं घेतली आणि निघाले. तासगाव, विटा, मायणी, सगळं सुरळीत. मायणी सोडल्यावर माळ लागला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. गाडी हळूहळू बाजूला घेतली. डावं मागचं चाक पार चपटं.

मी इकडेतिकडे पाहिलं, रस्त्यावर कुणी नव्हतं. मग मी जोरात म्हटलं, "परेड." आणि कामाला लागले.

त्रिकोण, दगड, पाना. तीन नट सैल झाले, चौथा हलेना. एवढ्यात शेतातून चार बाया आल्या. बाजरी काढत होत्या. त्यांच्यातली पुढची म्हणाली, "आवं आजी, संगं गडी न्हाई का कुणी?"

"गडी मीच आहे."

त्या मोठ्याने हसल्या. "मग आमी धरू का?"

"धरू नका. लांब उभ्या राहा आणि बघा." मी पान्याला पाइप जोडला, गाडीचा आधार घेतला आणि पायाने भार दिला. हवालदारांचं म्हणणं असे, "अंगाचं वजन फुकट हाय, हात कशाला दुखवता?" नट कुरकुरला आणि फिरला. बायांनी टाळ्या वाजवल्या. रस्त्याकडेची काळी माती मऊ होती. जॅकखाली बाभळीची फळी ठेवली, तिच्यावरचं कुंकू माझ्या हाताला लागलं. स्टेपनी गाडीखाली सरकवून मी गाडी वर घेऊ लागले, आणि तेवढ्यात बॉनेटवर ठेवलेला फोन वाजला. मी काही म्हणायच्या आत त्या पुढच्या बाईने तो उचलला.

"आजी चाक बदलाय लागल्यात. तुमी कोण?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "मुलगा व्हय? मग तुमी तितं काय करताय?" पुन्हा उत्तर. "ऑस्ट्रेलियात? बरं. तितनं काय उपेग न्हाई. घटकाभरानं फोन करा."

आणि तिने फोन ठेवला. तुमचा बाबा अजून सांगतो की आयुष्यात त्याला असं कुणी बोललं नव्हतं.

जुनं चाक काढलं, ते गाडीखाली सारून स्टेपनी बाहेर घेतली. चाक उचलायचं नसतं, पाइपाच्या तरफेने चढवायचं असतं. नट हाताने बसवले, खालचं चाक काढून घेतलं, गाडी खाली उतरवली. मग समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट केले, पायाचा भार देऊन. बायांनी हात धुवायला घागर पुढे केली. त्यांना मी आपट्याची पानं दिली. पुढे काही मैल गेल्यावर थांबून नट पुन्हा आवळून पाहिले. यादीत तसं लिहिलेलं आहे. मग तुमच्या बाबाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, त्या बाईंना सांग, गाडी विकत नाही."

हवालदार ओट्यावर बसले होते. गाडीचा आवाज ओळखून उठले. सोनं घेतलं, डोक्याला लावलं आणि सरळ गाडीकडे गेले. मी काहीच सांगितलं नाही. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळत होती, पण साडेनऊ बोटं शाबूत होती. उजवं पुढचं, उजवं मागचं, मग डावं मागचं. तिथे हात थांबला. बोटं टायरच्या खाचांमध्ये शिरली.

"ही नक्षी नवी हाय. ही स्टेपनी." त्यांनी मान वर केली. "कुणी बदलली?"

"मी."

"आणि कोण व्हतं?"

"कुणी नाही. चार बाया होत्या, बघायला."

"पाना द्या."

मी पाना दिला. त्यांनी खाली बसून एकेक नट चाचपला, पाना बसवला, दोन्ही हातांनी जोर लावला. पहिला हलला नाही. दुसरा नाही. तिसरा नाही. चौथ्याला त्यांनी पाय लावला. तोही नाही. मग पान्यावरचं उरलेलं कुंकू अंगठ्याने पुसून त्यांनी ते स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि सुनेला हाक मारली, "चहा ठेव गं. आमी दहिवडीला जाऊन ते पंक्चर काढून आणतो. पाचव्या चाकात हवा नसताना मॅडमला माघारी धाडायचं न्हाई."

मी चालवायला बसले. सवयीने हात लांबवून शेजारचं दार उघडलं. हवालदार त्या दारापाशी आले, हाताने ते चाचपलं आणि बंद केलं. मग मागचं दार उघडून ऐसपैस आत बसले.

"चला, मॅडम," ते म्हणाले.

दहिवडीच्या वाटेवर एक वळण घेऊन मी आरशात पाहिलं. हवालदार गाढ झोपले होते.