आठ बोटं केस

मी पडदा ओढला आणि पडद्याबरोबर सुमतीचे केस वर गेले.

सुमती म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीच्या गणपतीतल्या नाटकाची नायिका, आणि तिच्या पातळात होता लवू घाडी. साल सत्तावन. सासूने घराबाहेर काढलेली सुमती दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला उंबऱ्यावर बसून रडते, असा प्रसंग होता. लवू पडद्याला जरा चिकटून बसला होता. पडद्याच्या खालच्या बांबूला एक खिळा वर आला होता. तो ठोकायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते दुपारवर, मग संध्याकाळवर ढकललं होतं. घंटा झाली, मी सगळा जोर लावला, आणि टोप खिळ्याला लटकून आठ फुटांवर डुलायला लागला. खाली उरली ती कुंकू लावलेली, नथ घातलेली, मानेपर्यंत मशीन मारलेली अबला. पब्लिक दहा मिनिटं हसत होतं. पुढे बसलेली म्हातारी राधाबाई तेवढी ढसाढसा रडली. तिला वाटलं, सासवेने केससुद्धा कापले.

विंगेत आल्यावर लवू मला एवढंच म्हणाला, "मेल्या, पडदो ओढ म्हटलंय, केस नाय."

त्याच्या मानाने हे भाषणच झालं. लवू मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता. तिथे साच्यांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, म्हणून त्याने बाहेरही बोलणं सोडून दिलं असावं. घरात चंपावहिनी बोलायची, शाळेत जाणारी लेक शैला बोलायची, लवू मान हलवायचा. वर्षातले तीन तास मात्र तो बोले, तेही बाईच्या आवाजात, आणि असं बोले की चाळीतल्या बायका पदराला डोळे पुसता पुसता आपल्या सासूकडे बघत. आठ वर्षं हे चाललं होतं. ते तीन तास काढून घेतले असते तर लवूकडे मान हलवण्यापलीकडे काही उरलं नसतं.

आणि बाबुराव नेमके तेच काढून घ्यायला निघाले होते. बाबुराव खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आणि मंडळात दिग्दर्शक. दोन्हीकडे एकाच पट्टीत ओरडायचे.

"पुढल्या वर्षी गिरगावातनं बाई आणायची. आता सगळीकडे बायकाच कामं करतात. टोप बीप बस झालं!"

"टोप नको," लवू म्हणाला. "केस वाढवतंय. माझे."

बाबुरावांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वाढव. गणपतीच्या आदल्या दिवशी गंगावन बांधून दाखवायचं. सुटलं, तर बाई."

गंगावन म्हणजे खोट्या केसांचा शेपटा. तो आपल्या केसांत गुंफायचा. पण त्याला धरून ठेवायला मानेवर आठ बोटं तरी स्वतःचे केस हवेत, असं चंपावहिनीने जाहीर केलं. गुन्हा माझा असल्यामुळे मोजणीचं काम माझ्याकडे आलं. दर संकष्टीला सकाळी मी लवूच्या मानेवर आडवी बोटं ठेवून मोजू लागलो. वाढ निघाली पाऊण बोट. म्हणजे गणपतीपर्यंत बारा संकष्ट्या, नऊ बोटं. एक बोट शिल्लक! मी लवूला मिठी मारली. त्याने मान हलवली.

केस वाढवायचे म्हणजे नुसते कापायचे नाहीत, अशी माझी समजूत होती. ती चौथ्या संकष्टीला गेली. या वयातले केस खाली यायला तयार नसतात. ते बाजूला जातात. लवूच्या दोन्ही कानांवर दोन छपरं आली, मागे कोंबड्याचा तुरा आला आणि पुढच्या बटा डोळ्यांत आल्या. तेल लावलं की तो रडून आल्यासारखा दिसे, नाही लावलं की विजेचा शॉक बसल्यासारखा. रविवारी शिकेकाईला नवरा-बायकोची रांग लागायची.

"भावजी, तुम्हीच सांगा ह्यांना," चंपावहिनी म्हणायची. "ह्यांचा गुंता काढण्यात माझी सकाळ जाते. शैला बिनवेणीची शाळेत गेली काल. आणि माझी फणी कुठे मिळाली माहितीय? ह्यांच्या डब्यात!"

लवू तीनदा उठून न्हाव्याकडे निघाला. तिन्हीदा मी त्याला जिन्यातून ओढून आणला. शेवटी बाबुरावांनी बजावलं, की साच्याच्या पट्ट्यात बट गेली तर डोकंच आत जाईल, टोपी घाल. मी मोठ्या प्रेमाने आमच्या अप्पांची टोपी आणून दिली. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची.

तीच घालून लवू माझ्याबरोबर नरे पार्कच्या सभेला आला. त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत गांधी टोपी घालून बसणं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"कोण रे तो काँग्रेसवाला?"

"ए पांढरी टोपी, इकडे काय काम?"

"टोपी काढ! टोपी काढ!"

लवूने टोपी काढली. दिवसभर दाबून ठेवलेले केस एकदम चारी दिशांना उभे राहिले. सभेचं अर्धं लक्ष व्यासपीठावरून उडालं. आता हा मार खाणार, असं दिसल्यावर मी बाकावर चढून ओरडलो, "पण केलाय त्याने! मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत केस कापणार नाही!"

मग जो गजर झाला, त्यात लवू लोकांच्या खांद्यांवर गेला तो थेट लालबागच्या नाक्यावर उतरला. दुसऱ्या दिवसापासून इराणी त्याच्याकडून चहाचे पैसे घेईना. काल साळिंदर म्हणणारी पोरं त्याला लवूभाऊ म्हणू लागली. बाबुरावसुद्धा खात्यात त्याच्यावर ओरडताना आवाज अर्धा करायचे.

मी खूश होतो. पण शिमग्याच्या सुमाराला केसांची टोकं फुटली, आणि ती जराशी छाटली नाहीत तर गंगावन सटकेल, असं चंपावहिनी म्हणाली. आम्ही नाक्यावरच्या सीताराम न्हाव्याकडे गेलो. त्याने हात जोडले.

"लवूभाऊ, तुमच्या केसाला कात्री लावली तर लालबागकर माझी खुर्ची रस्त्यावर फेकतील हो!"

मग आम्ही ट्रामने गिरगावात गेलो. खोताच्या वाडीच्या तोंडाशी एक न्हावी होता, तो आम्हांला ओळखत नव्हता. "टोकं तेवढी सारखी करा," मी म्हणालो. तेवढंच म्हणून गप्प बसलो असतो तर हा लेख इथे संपला असता. पण गप्प बसवेना, म्हणून मी विचारलं, "काय, मिळणार का मुंबई?"

न्हावी पेटला. "मुंबई? नुसती मुंबई घेऊन काय करता? बेळगाव सोडणार?" कच्च! "कारवार सोडणार?" कच्च! "निपाणी काय त्यांच्या बापाची?" कच्च, कच्च! मी "बरोबर, बरोबर" म्हणत होतो. त्याची गाडी डांगपर्यंत पोचली तेव्हा लवूची पावणेदोन बोटं जमिनीवर होती.

परतीच्या ट्राममध्ये लवूने मान हलवणंही सोडलं. मी पुन्हा पुन्हा हिशेब केला. बारा संकष्ट्यांची नऊ बोटं, त्यातून पावणेदोन गेली. सव्वासात. पाऊण बोट कमी! तिकडे बाबुरावांनी गिरगावातल्या बाईंना निरोपही धाडला होता.

पंधरा दिवसांनी पाडवा आला. लवूच्या खोलीत मी आणि लवू दोन सुतकी माणसांसारखे श्रीखंड खात बसलो होतो. चंपावहिनी नवं पंचांग चाळत होती.

"अगो बाई! अहो, औंदा अधिक श्रावण आलाय. आई तुम्हांला तेहतीस अनारसे देणार बघा जावयाचे."

"माका नको," लवू म्हणाला.

माझ्या हातातला चमचा थांबला. "वहिनी, अधिक म्हणजे एक महिना जास्त?"

"मग काय कमी?"

"मग गणपती?"

"गेले पुढे. सप्टेंबरात."

"आणि संकष्ट्या? संकष्ट्या किती?"

"तेरा. भावजी, ताप बीप आहे का तुम्हांला?"

पाऊण बोट! चंद्र-सूर्याचा मेळ घालायला शास्त्रकारांनी तो महिना ठेवलाय म्हणतात. मला विचाराल तर तो लवूच्या मानेसाठीच ठेवलेला होता. मी लवूला खांद्यांना धरून गॅलरीभर नाचवला. शेजारच्या नलूताईंची गुढी पडता पडता राहिली. आणि लवू हसला! दात दिसतील असा हसला. चंपावहिनी म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

अधिक श्रावणातले अनारसे लवूने चाळभर वाटले. गणपतीच्या आदल्या दिवशी मी बोटं ठेवली. आठ. बरोबर आठ, नखभरही जास्त नाही. वहिनीने गंगावन बांधलं. बाबुरावांनी ते स्वतः धरून ओढलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. लवूची मान आली, खांदे आले, पाटावरून लवू आला. गंगावन आलं नाही.

"बाईंना नको म्हणून कळवा," बाबुराव म्हणाले आणि घाईने पाठ फिरवून नाक शिंकरलं.

नाटकाला मला पडद्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. मी पब्लिकमध्ये बसलो होतो. दुसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. उंबऱ्यावर सुमती. लांबसडक केस पाठीवर मोकळे, एक बट गालावर. पहिला हुंदका आला आणि मांडव चिडीचूप झाला. राधाबाईने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मागून कोणाच्या तरी ध्यानात आलं.

"अरे, आपला लवूभाऊ! पण पाळतोय पठ्ठ्या! संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खा मांडव उठला.

सुमती हुंदक्याच्या मध्यावर होती. तिने आमच्याकडे पाहिलं. पदराने डोळे टिपले. बांगड्या भरलेला हात मूठ वळून वर केला, आणि त्याच नाजूक, रडवेल्या आवाजात म्हणाली, "झालाच पाहिजे!" मग हात खाली घेऊन उरलेला अर्धा हुंदका पुरा केला. माझ्या शेजारचा जाडजूड फिटर टाळ्या वाजवत रडत होता. कशासाठी, ते त्याला सांगता येईना.

नाटक संपल्यावर मी धावत रंगपटात गेलो. लवू ट्रंकेवर बसून गंगावन सोडवत होता. खालून त्याचे स्वतःचे, मानेवर रुळणारे केस मोकळे झाले. त्याला ते छान दिसत होते. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी बोलतोच.

"लवू, पुढल्या वर्षी मलाही घे बाईच्या कामात. मीही वाढवतो केस. वर्षभर धीर धरतो, बघच तू!"

पंचविशीतच गुळगुळीत झालेल्या माझ्या डोक्यावर पेट्रोमॅक्सचा उजेड पडला होता. तिकडे त्याने एकदा नीट पाहिलं.

"जग्या, ते आधी उगवायला लागतात."