खंडेनवमीला काढलेलं सहा डबं

मी सांगतीया आन माझी लेक वैशाली टायपिंग करतीया. माझी शाळा तिसरीपतूर. बोलती तसंच लिव, शुद्धबिद्ध करत बसू नको, म्हणून तिला आदीच दम दिलाय.

पैलं सांगते — असल्या गोष्टींवर माझा काडीचा इश्वास न्हवता. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं. सगळ्या बाया पाया पडायच्या, आन मी भाकरी बांधून तिच्या पुढनं कामाला जायची. एकदा घुमत घुमत मलाच म्हणली, "थांब!" मी म्हणलं, "भोंगा झालाय, सांजचं थांबते."

माझं माहेर चंदगडकडं. लगीन होऊन कोल्हापुरात आले. मालक फौंड्रीत, लोखंड वतायच्या कारखान्यात होतं. वैशाली चार वर्साची आसताना त्ये गेलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिशी मी त्याच फौंड्रीत जाऊन उभी ऱ्हायले. मला कोअरचं काम दिलं, म्हंजे वतीव लोखंडात पोकळी ऱ्हावी म्हणून आत ठेवायचा वाळूचा ठोकळा. वाळूत तेल कालवायचं, साच्यात दाबायचं आन भट्टीत भाजायचं. भाजल्याला कोअर निवल्याबिगर पुढं द्यायचा न्हाय. दिसायला सगळं एकसारखं... त्यातला आदी कुठला काढला, मागनं कुठला, ते मी हात लावून सांगायची. गार त्यो पैला, ऊन त्यो शेवटचा. सव्वीस वर्सं एकदाबी चुकले न्हाय.

पर त्या कामानं बोटं गेली. आधारला माझा अंगठा उठत न्हाय. आन आता तर चा ऊन हाय का गार ह्ये बोटाला कळतच न्हाय, व्हटाला लागल्यावर कळतंय. डॉक्टर म्हणलं, कातडीच मेलीया. मेली तर मेली. त्या कातडीवर लेक शिकली की.

आज मंगळवार पेठेत लग्नाचं व्हिडिओ करणारी बाई म्हंजे वैशालीच. आदी लोकं हसायची, "बाईमाणूस मांडवात कॅमेरा घिऊन पळणार व्हय?" आता तीच लोकं तारीख मिळावी म्हणून माझ्याकडं वशिला लावत्यात. मी म्हणते, "हसलासा तवा लई येळ होता न्हवं? मग आता थांबा."

तिच्या खोलीत एक पेटी हाय, सर्व्हर म्हणतीया ती. वरपासनं खालपतूर सहा खण, आन परतेक खणात एक लोखंडी डबा. डिस्क. तिनं मला समजावून सांगितलंवतं, "आई, खालच्या चार डब्यांत माल, वरच्या दोन डब्यांत राखण. मालाचा एखादा डबा मेला तर राखणीच्या आन उरल्याल्या डब्यांच्या जोरावर त्यातलं सगळं परत मिळतंय. दोन मेलं तरी चालतंय." मला ती राखण लई पटली. एक पडला तर बाकीच्यांनी उचलायचा.

आन खंडेनवमीच्या आठ दिस आदी एक डबा मेलाच. नवीन मागवला होता, त्यो दसरा झाल्यावर येणार होता. मेलेल्या डब्यात गारगोटीचं एक लगीन होतं. नवरीचा बाप श्रावणात अचानक गेला. त्याचा हसता बोलता व्हिडिओ तेवढाच, दुसरी कापी न्हाय. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नाला वापरलीवती. नवरीची आई खंडेनवमीला दुपारी गारगोटीसनं येणार होती, मालकास्नी एकदा बघायला.

खंडेनवमी म्हंजे हत्याराची पूजा. वैशालीनं सकाळी पेटी बंद केली आन झेंडू आणायला गेली. जाताना म्हणली, "आई, कॅमेरं आन पेटी पुसून ठेव."

आता फौंड्रीत पुसायचं म्हंजे वरवर पुसत न्हाईत. त्या दिशी मशीनचा सुटा होईल तेवढा भाग सुटा करायचा, वल्या फडक्यानं लख्ख करायचा, मग हळद-कुंकू. मी तसंच केलं. सहाच्या सहा डबं वडून काढलं. परतेकावर कागदाची चिट्टी चिकटीवलीवती, कडंला डिंक काळा पडला होता... सोलून टाकल्या. मागं एक बारका पेनड्राईव्ह होता, त्योबी काढला. सगळं वल्या फडक्यानं पुसलं, परातीत मांडलं आन वरनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. लई झ्याक दिसत होतं.

वैशाली आली. हातातली झेंडूची पिशवी तिथंच पडली.

"आई... ह्या चिट्ट्या?"

"घाण झाल्यावत्या."

ती वरडली असती तर बरं वाटलं असतं. खाली बसली, आन परातीतला एकेक डबा उलटून बघितला. मग हळू सांगितलं. ज्यो डबा ज्या खणातला, त्यो त्याच खणात बसाय पायजे. कुठला कुठं, ते चिट्टीवर होतं आन पेनड्राईव्हात होतं. चिट्ट्या केरात, पेनड्राईव्ह पाण्यात.

गल्लीच्या टोकाला अल्ताफ ऱ्हातो, काम्पुटर दुरुस्त करतो. त्याला बोलावलं. त्यानं पेनड्राईव्ह लावून बघितला, मेला होता. मग एकेक डबा लावून बघितला. माझ्या पाण्यानं आनी एक डबा मेला होता. म्हंजे दोन मेलं.

"मावशी, पूजा केलीसा का तेरावं घातलंसा?" त्यो म्हणला.

"चेष्टा नंतर कर. व्हतंय का सांग."

"दोन गेल्यात म्हंजे आता राखण काठावर हाय. बरोबर क्रमानं बसलं तर सगळं दिसंल. चुकीचं बसवून चालू केलं आन पेटीनं राखण नव्यानं लिवायला घेतली, तर संपलं. सहा डबं मांडायच्या सातशे वीस तऱ्हा असत्यात, मावशी. थोड्या वगळता येतील, पर उरत्यात त्याबी लई हाईत. दोन-तीन दिस द्या."

दोन-तीन दिस कुठलं? बाई यश्टीत बसली आसणार. वैशाली फोन हातात घिऊन उभी... त्या बाईला काय सांगायचं? माझ्या आईनं तुमच्या मालकास्नी पुसून टाकलं म्हणून?

मी परात पुढ्यात वडली. देवाचं नाव घेतलं न्हाय, डोळं मिटलं न्हाईत, उगंच खोटं कशाला सांगू. डबं परत कोरडं करावं म्हणून एकाला हात लावला... आन बोटाला ऊन लागलं.

दुसऱ्याला लावला. त्यो कमी ऊन. तिसरा गार.

"वैशाली, ह्यास्नी हात लाव."

तिनं लावला. "गार हाईत की. सकाळधरनं बंद हाय पेटी."

अल्ताफनंबी लावला. "समदं सारखंच गार."

माझ्या बोटाला मातूर भट्टीतनं आत्ता काढल्यासारखं लागत होतं, एकापरास एक ऊन. मी फौंड्रीत लावायची तसं लावलं. गार त्यो पैला. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा तर धरवंना. चटका बसला आन हातातनं सुटता सुटता ऱ्हायला.

"ह्यो सगळ्यात खालच्या खणात," मी म्हणलं.

वैशाली माझ्याकडं वळली. "आई, आठ दिसामागं मेला त्यो खालच्याच खणातला होता. तुला कुणी सांगितलं?"

कुणीबी सांगितलं न्हवतं.

अल्ताफनं सहाव्यावरचा बारका नंबर आन त्याच्या मोबाईलातला जुना मेसेज ताडून बघितला. नवीन डबा मागवायला वैशालीनं त्याला मेलेल्याचा नंबर धाडला होता, फक्त तेवढ्या एकाचाच. जुळला. त्यो कानाला हात लावून म्हणला, "बसवतो मावशी, तुम्ही म्हणशीला तसं. दुसऱ्या पेनड्राईव्हावर चालू करतो, आन नुसतं बघायचं, लिवायचं काय न्हाय."

बसवलं. पेटी घुरघुरली. चार हिरवं दिवं लागलं आन मेलेल्या दोन डब्यांतला मालबी पडद्यावर उभा ऱ्हायला. वैशालीनं गारगोटीचं लगीन उघडलं. मांडवात एक जाडा माणूस फेटा सावरत आचाऱ्यावर वरडत होता, "आरं, पावणं ताटावर बसल्यात आन तू रस्सा कसला ढवळतोयस? वाढ की!"

वैशालीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. शाळंत जायला लागल्यापासनं कवा ठेवलं न्हवतं.

बाई तीनला आली. मालकास्नी रस्स्यावरनं वरडताना बघून पैलं हसली, मग रडली. म्हणली, "आसंच वरडायचं बगा घरात. परत लावा." चारदा लावलं. बाई निघाली तवा वैशाली म्हणली, "काकू, ह्ये आईमुळं सापडलं." मी म्हणलं, "खोटं बोलू नको. आदी मीच मोडलंवतं, त्येबी सांग." तिनं सगळं सांगितलं. बाईनं पिशवीतला आपट्याचा पाला काढला, दसरा दुसऱ्या दिशी आसूनबी माझ्या हातावर ठेवला आन वाकून पाया पडली.

आता तुमी म्हणशीला, काढताना तुझ्या ध्यानात ऱ्हायला आसंल क्रम. अल्ताफबी पैलं तसंच म्हणला. पर मी वरनं एक, मधला एक, खालनं एक असं कसंबी वडलंवतं. मग म्हणला, आतली उष्णता ऱ्हायली आसंल. मग आठ दिस बंद आसल्याला सगळ्यात ऊन कसा? नंतर मी मुद्दाम चालू पेटीतल्या डब्याला हात लावून बघितला. काय कळलं न्हाय. बोटं मेलेली ती मेलेलीच.

अल्ताफ अजून जाता-येता दारात थांबतो. संगट कोण आसंल तर सांगतो, "हीच ती मावशी."

मी इचारते, "कारण सापडलं का रं?"

"न्हाय, मावशी."

"मग आत ये, चा घे. ऊन हाय का गार तेवढं तूच बघ."