प्रमुख पाहुण्यांची शाल

कॉलेजच्या अर्जात ‘क्रीडा क्षेत्रातील प्रावीण्य’ असा एक रकाना होता. आमच्या घरात याआधी कॉलेजचा अर्ज कोणी भरलेला नव्हता, त्यामुळे तिथे काय लिहावं हे विचारायला माणूस नव्हतं. बराच वेळ पेन हातात धरून मी लिहिलं, ‘ज्युनियर आइस हॉकी लीग, बहारीन, तृतीय क्रमांक’. लीगमध्ये संघ तीनच होते, हे रकान्यात मावलं नाही.

बहारीनमध्ये आइस हॉकी कशी, असं मैत्रिणी विचारतात. बाहेर चप्पल डांबराला चिकटते आणि आत एका मोठ्या हॉलमध्ये यंत्राने बर्फ गोठवून ठेवलेला असतो. एक संघ बहारिनी मुलांचा, एक गोऱ्यांचा आणि एक आमच्या मराठी मंडळाचा. आमच्यातली बहुतेक इंजिनियर, अकाउंटंट आणि बँकवाल्यांची मुलं. त्यांच्या आईवडिलांनी कुठून तरी ऐकलं होतं की परदेशी विद्यापीठांना क्रिकेट खेळणाऱ्या भारतीय मुलांचा कंटाळा आलाय. गोलकीपर व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं. गोलकीपरच्या सर्टिफिकेटवर ‘इतके गोल केले’ असं लिहिता येत नाही.

माझे बाबा ड्रायव्हर. शुक्रवारी ते या मुलांना व्हॅनमधून न्यायचे. एकदा मी सोबत गेले, तर फिलिपिनो कोचने माझ्याकडे बघून पॅड पुढे केले. मला स्केटिंग येत नाही, असं मी सांगितलं. तो म्हणाला, गोलकीपरला फार लांब जायचं नसतं. यल्ला, म्हणजे चल.

त्या बर्फाच्या रिंकवर थंडी फार. तशा थंडीचे स्वेटर बहारीनमध्ये कोणाकडे नसतात, पण शाली असतात. आमचं मंडळ दरवर्षी एकमेकांचा सत्कार करतं. गणपतीच्या सजावटीबद्दल, प्रमोशनबद्दल, मुलाच्या दहावीबद्दल. कपाटात पडून राहिलेल्या त्या शालींना अखेर काम मिळालं. बाकांवर सगळे काका-काकू आपापला सत्कार पांघरून बसायचे. ज्यांच्याकडे दोन होत्या ते एक गुडघ्यांवर घ्यायचे.

बाबांचा सत्कार कधी झाला नव्हता. ते बाहेर भिंतीच्या सावलीत थांबायचे आणि मॅच संपायच्या आधी व्हॅनचा एसी लावून ठेवायचे, म्हणजे मुलं गार गाडीत बसायची.

“किती गोल खाल्लेस?” ते मला दर वेळी विचारायचे.

“आठ.”

“मग आता घरी जेवणार नाहीस.”

जूनमध्ये मी कॉलेजसाठी भारतात जाणार होते. त्याआधी बाबांनी एक मॅच बघावी, एवढंच मला हवं होतं. मी म्हटलं की ते म्हणायचे, “मी कशाला गो? गारठा केवढा. आणि तिथं सगळे साहेब लोक.” दुसरं कारण ते हळू आवाजात सांगायचे.

शेवटची मॅच व्हायच्या आधीच मंडळाने आमचा गौरव सोहळा ठेवला. प्रमुख पाहुणे तेव्हाच मोकळे होते, आणि आमचं तिसरं स्थान तर कोणी हिरावून घेऊ शकत नव्हतं. बॅनरवर लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत घवघवीत यश’. आम्हाला सर्टिफिकेट दिली. पालकांना त्यांच्या त्यागाबद्दल शाल आणि नारळ. एकेक जोडी स्टेजवर जात होती. बाबांना कोणी बोलावलं नाही. ते मागे खुर्च्या लावत होते.

मी सेक्रेटरी काकांकडे गेले. जाताना वाक्य दोनदा मनात म्हणून घेतलं.

“काका, माझ्या बाबांची शाल राहिली बहुतेक.”

त्यांनी यादी बघितली. “अगं, त्यांचं नाव वाहन व्यवस्थेत आहे. आभारप्रदर्शनात येईल. आभार मानणारच आहोत आपण.”

आभार मानले गेले. नावाने नाही, ‘व्हॅनचालक’ म्हणून. टाळ्याही झाल्या.

सगळे जेवायला गेल्यावर स्टेजवर एक शाल राहिली होती. प्रमुख पाहुणे आपली शाल खुर्चीवरच टाकून गेले होते. मरून, रुंद जरीची, इतरांपेक्षा जाड. मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काही उचललं आणि पॅडच्या पिशवीत कोंबलं. आठवडाभर मला वाटत होतं की कोणीतरी फोन करील. पाहुण्यांना शाल आठवलीही नसावी.

शेवटच्या शुक्रवारी पार्किंगमध्ये मी ती बाबांच्या मांडीवर ठेवली. “आता गारठ्याचं कारण खलास,” मी म्हटलं. त्यांनी जरीचा काठ बोटांनी चाचपला. कुठून आणलीस हे विचारलं नाही. मग गाडीला कुलूप लावलं.

आत येऊन त्यांनी शाल कानांवरून घट्ट गुंडाळली, गावी थंडीत टॉवेल गुंडाळतात तशी. बाकांवर न बसता ते माझ्या गोलमागे काचेपाशी उभे राहिले. ब्रेकमध्ये सेक्रेटरी काका तिथे आले. मी दोन हातांच्या अंतरावर होते, मला सगळं ऐकू आलं.

“अहो, ही शाल प्रमुख पाहुण्यांची वाटते.”

“हो का, साहेब?” बाबा म्हणाले. “चांगली गरम आहे.”

काकांच्या अंगावरची शाल पातळ होती. ती आवळून घेत ते परत गेले.

मी त्या दिवशी नऊ गोल खाल्ले. एक अडवला. म्हणजे पक, ती रबराची जाड चकती, थेट माझ्या हेल्मेटच्या जाळीवर आदळली. मला ती दिसलीसुद्धा नव्हती. मागे वळले तर बाबांचे दोन्ही तळवे काचेवर होते आणि त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली होती. ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

त्यामुळे व्हॅनचा एसी लावायला कोणी नव्हतं. मुलं आत शिरली ती तव्यावर बसल्यासारखी ओरडतच.

“अंकल, एसी?”

“होईल, होईल,” बाबा म्हणाले. घाम गळ्यापर्यंत आला होता, पण शाल त्यांनी काढली नव्हती. आम्ही राहतो तो हूरा भाग आला. मग आरशातून मला म्हणाले, “लागलं नाही ना गो तोंडाला?”

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांचा मेसेज आला. हंगाम उत्तम पार पडला, सर्वांचे अभिनंदन, आजची वाहन व्यवस्था मात्र समाधानकारक नव्हती. बाबांना वाचायला चष्मा लागतो, म्हणून त्यांचा फोन माझ्याच हातात होता. मी त्यांना मेसेज वाचून दाखवला आणि त्यांच्या वतीने अंगठा दिला.